पांढऱ्या कपड्यांत हरणं बघायला

नवरा अमेरिकेहून सुट्टीवर आला की तो बायकोचा नसतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तो आईचा असतो, वडिलांचा असतो, आत्याचा असतो, शाळेतल्या मित्रांचा असतो आणि ज्यांच्या मुलांनी नुकताच संगणकाचा कोर्स लावलाय अशा ओळखीच्या सगळ्या पालकांचा असतो. बायकोच्या वाट्याला बॅगेतले मळलेले कपडे येतात.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करायला पुण्यातून विमानं भरभरून माणसं गेली, त्यांत माझा नवरा गेला. तारखा दुरुस्त झाल्या, जग काही बुडालं नाही. पण कंपनीने त्याला दुसरं काम देऊन तिथेच ठेवून घेतलं. माझ्या सासऱ्यांचा जन्म खडकीच्या कारखान्यात यंत्रांपुढे गेला होता. मुलगा नेमकं काय करतो ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "तो ऑनसाइट आहे." विचारणाऱ्यालाही तेवढं पुरायचं.

मी महापालिकेच्या दवाखान्यात औषधं देत असे. ही पांढरी जेवणाआधी, ही पिवळी जेवणानंतर, हे बाटलीतलं हलवून घ्या, दिवसभर हेच. घर धनकवडीत, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात सासू-सासरे, मी आणि आमची पाच वर्षांची मुलगी. सासऱ्यांची धाकटी बहीण, म्हणजे नवऱ्याची आत्या, राहायच्या दापोडीला, पण असायच्या आमच्याकडे.

फोन रविवारी सकाळी यायचा. तो बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी होता आणि त्याच्याभोवती सगळे अर्धवर्तुळ करून बसायचे. आधी सासरे बोलायचे. अमेरिका लांब आहे म्हणून ते ओरडून बोलायचे. मग सासूबाई भात खातोस का ते विचारायच्या. मग आत्या. मग मुलगी शाळेतली कविता म्हणायची, सगळी कडवी. शेवटी रिसीव्हर माझ्याकडे यायचा आणि खोलीतली सगळी माणसं गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघायची.

"बोल की गं," आत्या म्हणायच्या. "आम्ही नाही ऐकत."

मी म्हणायची, "बरं आहे इकडे. तुमचं बरं आहे ना? ठेवते."

कॉलेजात आम्ही एकाच बसने जायचो. तेव्हापासून तो मला तू आणि मी त्याला तू. चारचौघांत मात्र अहो. इतके महिने मी समुद्रापलीकडच्या माणसाला फक्त अहो म्हणत होते.

ई-मेल होता म्हणा. स्वारगेटजवळ एक सायबर कॅफे होता, दवाखाना सुटल्यावर मी दोनदा गेले. प्लायवुडच्या खोपट्यात बसून इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं आणि मागे पुढचा नंबरवाला उभा. त्याने माझ्या खांद्यावरून वाचून "ताई, एंटर मारा" असा सल्ला दिला. तिसऱ्यांदा मी गेले नाही.

मला त्याला एकच विचारायचं होतं. तू परत येणार आहेस का? आणि त्याने इकडचं-तिकडचं सांगितलं तर म्हणायचं होतं, पुरे झालं, ये. हे मला अहो लावून, सासऱ्यांसमोर, टीव्हीशेजारी उभं राहून म्हणता येत नव्हतं.

थंडीत तो महिन्याभराच्या सुट्टीवर आला. मला वाटलं, आता बोलू. पहिल्या आठवड्यात तो दिवसा झोपायचा आणि मी पहाटे उठून दवाखान्यात. दुसऱ्या आठवड्यात जेवणाची आमंत्रणं सुरू झाली. येरवड्याला मटण, पिंपरीला मटण, बोपोडीला कोंबडी, तीही मटण नाही मिळालं म्हणून माफी मागून. घरी आलो की मुलगी आमच्या मधोमध झोपायची. बाबा पुन्हा जाईल म्हणून ती झोपेतही त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून असायची. तिचं बरोबर होतं. मला तसं करता येत नव्हतं.

मग मी दिशा शोधली. खरंच, दिशाच. हडपसरला नातेवाईक, सिंहगड रोडला नातेवाईक, खडकवासल्याला गेलं तर आत्यांच्या जावेचं घर वाटेत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की सुप्याजवळ चिंकारांचं छोटंसं अभयारण्य आहे. गवताळ माळ, दुसरं काही नाही, माणूसही नाही. तिकडे आमचं कुणी राहत नव्हतं. मी ठरवलं, आम्ही तिघांनी स्वारगेटहून एसटीने जायचं. मुलगी गवतात खेळेल, आम्ही बोलू.

चूक एकच झाली. मी ते जेवताना सांगितलं.

"हरणं?" सासरे म्हणाले. "अरे वा. मग एसटीने कशाला? जीप करू या."

"सगळे मावतात जीपमध्ये," आत्या म्हणाल्या. सगळे म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

सासूबाईंनी कॅलेंडर पाहिलं. "रविवारी पौर्णिमा आहे. सकाळी विहारात वंदना करून तिथूनच निघू. दोन्ही कामं होतील."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भाकरी मोडत होता. "चालेल," तो म्हणाला. तो कधीच कुणाला नाही म्हणत नाही. त्यामुळेच तर तो अमेरिकेत होता.

रविवारी विहारात गेलो. पौर्णिमेला आमच्याकडे सगळे पांढरे कपडे घालतात. सासूबाईंची आणि आत्यांची पांढरी साडी, सासऱ्यांचा कडक इस्त्रीचा सदरा-पायजमा, नवऱ्याचा पांढरा शर्ट, मुलीचा पांढरा फ्रॉक, माझीही साडी पांढरीच. त्रिसरण-पंचशील झालं, भन्तेजींनी चार शब्द सांगितले, खीर झाली. लोक नवऱ्याला भेटायला थांबलेच होते. तिथून निघेपर्यंत ऊन वर आलं होतं. जीपच्या मागच्या बाकाखाली डबे, पाण्याचा कॅन, सतरंजी, भाताचं मोठं पातेलं. आपण कुठे आणि कशाला चाललोय हे एकालाही आठवलं नाही. आपण विहारातून निघालो आहोत, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात.

दिवे घाटात मुलगी ओकली. ती मागच्या बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. खीर तिने अगदी न्यायाने वाटली, अर्धी त्याच्यावर, अर्धी माझ्यावर.

"नातीने बरोबर नेम धरला," आत्या पुढून म्हणाल्या. "दुसऱ्या कुणावर एक थेंब नाही."

जीप थांबवली. मी लहान मूल घेऊन कुठेही निघाले की जादा कपडे घेतेच. मुलीला लोकरी फ्रॉक चढवला, मी झाडाआड जाऊन चॉकलेटी पंजाबी ड्रेस घातला आणि नवऱ्याला त्याचा जुना मातकट शर्ट दिला. तो कपाटात तसाच घडी करून होता, म्हणून उचलून आणला होता. त्याने तो घातला आणि मी बटणं लावत असताना पाहिलं, खांद्यावर सैल पडत होता. पूर्वी तो त्याला घट्ट बसायचा. भात खातोस का, असं सासूबाई दर रविवारी विचारायच्या आणि तो दर रविवारी हो म्हणायचा.

"काय बघतेस?" तो म्हणाला.

"काही नाही. हात वर कर," मी हळूच म्हणाले.

पुढून सासरे ओरडले, "झालं का रे? हरणं निघून जातील."

अभयारण्य म्हटल्यावर आत्यांच्या डोळ्यांसमोर दाट झाडी होती. तिथे पोचलो तर नजर पोचेल तिथवर नुसतं पिवळं गवत, मध्ये मध्ये बोरीबाभळीची खुरटी झुडपं आणि लांबवर कुठे हिरवट ठिपका.

"हे अभयारण्य?" आत्या जीपमधून उतरायलाच तयार नव्हत्या. "मला वाटलं रस्ता चुकला. आमच्या दापोडीच्या मैदानात याहून जास्त झाडं आहेत."

फाटकावर एक वनरक्षक खुर्ची टाकून बसला होता. आम्ही एकेक करून उतरलो तसा तो उभा राहिला. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं.

"कुणाचं काय झालं का?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"नाही, नाही. पौर्णिमा आहे," सासरे म्हणाले. "वंदना करून आलो. हरणं बघायची आहेत."

"आसं पांढरं घालून?"

आता कुठे आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पिवळ्या गवतासमोर तिघं जण उभे होते, उन्हात लखलखत. वाळत घातलेल्या चादरींसारखे.

सासरे हार मानणारे नव्हते. "हरणांना रंग ओळखता येत नाहीत असं मी वाचलंय."

"रंग नसंल वळखता येत. तुमी दिसताय की पार त्या टेकडीवरनं."

"अहो, पण आम्ही पंचशील घेतलेली माणसं. प्राणिमात्राला इजा करणार नाही म्हणून सकाळीच म्हणून आलोय. आम्हाला घाबरायचं त्यांना काय कारण?"

"त्यांस्नी कुटं ठावं हाय, बाबा," वनरक्षक म्हणाला, आणि सासऱ्यांसकट सगळे हसले.

तो मनाने वाईट नव्हता. दुपारची वेळ, आता काहीच दिसणार नाही, उन्हं कलली की पाणवठ्यावर बघू, असं त्याने सांगितलं. आम्ही फाटकापाशी लिंबाखाली सतरंजी टाकली. जेवण झालं. त्यालाही वाढलं. मुलगी आजीच्या मांडीवर झोपली. मी नवऱ्याला म्हटलं, "जरा पाय मोकळे करून येऊ?" लगेच आत्या म्हणाल्या, "थांबा, मीही येते," आणि सासरे चपला शोधू लागले. मग मी म्हटलं, राहू दे.

उन्हं कलली तसा वनरक्षक आला. "पाणवठ्यापाशी आडोसा हाय, पर पांढऱ्यातलं कुणी न्यायचं न्हाय. आनि लई माणसं बी न्हाय." त्याने बोट केलं. "ह्ये सायब आनि ह्या ताई. दोगंच."

मी चॉकलेटी, तो मातकट. बाकी मोठे सगळे पांढरे.

"मी शर्ट बदलू का?" सासरे म्हणाले. पण बदलायला दुसरा शर्ट नव्हता. जादा कपडे मी फक्त मुलीच्या आसपास बसणाऱ्यांचे घेते.

"जा, जा," सासूबाई म्हणाल्या. "फोटो काढून आण. आम्ही फोटोतच बघू."

मी उठले. इतक्या सहज मिळेल असं वाटलं नव्हतं. वाक्य तयार होतं. चालताना मी ते मनात एकदा म्हणूनही पाहिलं.

पाण्याची सिमेंटची उथळ टाकी होती आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर दगड रचून केलेली कमरेएवढी भिंत. त्या भिंतीमागे आम्हाला बसवून वनरक्षकाने तोंडावर बोट ठेवलं. "आता बोलायचं न्हाय. कुजबुजायचं बी न्हाय. सायब, त्यो क्यामेरा गळ्यातच ऱ्हाऊ द्या, त्येचा आवाज होतो. येतीलच आसं न्हाय, पर आली तर बोलण्यानं जातील." आणि तो स्वतः बाजूच्या झुडपाआड जाऊन उकिडवा बसला. आम्ही दोघं त्याला तिथून दिसत होतो.

मला हसू आलं. हसायचीही चोरी होती.

बसून राहिलो. पायाखाली बारीक खडे. वारा गवतातून जाई तेव्हा सगळा माळ एका अंगावर कलायचा आणि पुन्हा उभा राहायचा. कुठेतरी टिटवी ओरडत होती. तिला मात्र कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत मी त्याला बघितलं नव्हतं. वाढताना, पाणी देताना, दार उघडताना दिसतो तो निराळा. कानाजवळ चार केस पांढरे झाले होते. ते तिकडे झाले होते, मी नसताना. हनुवटीखाली कापल्याची बारीक खूण होती, तीही मला माहीत नव्हती. दाढी करताना लागलं असेल. तेव्हा तिथे पट्टी होती का घरात, कोण जाणे.

माझ्या पायाला मुंग्या आल्या. मी जरा हलले तसा वनरक्षकाने हात वर केला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी पायाकडे खूण केली. त्याने माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तळवा चोळू लागला. नजर पाणवठ्याकडेच. आमच्या घरात असं कुणी कुणाचा पाय चोळत नाही. वडीलधाऱ्या माणसांचे चेपतात ते वेगळं. तो चोळत राहिला. मुंग्या गेल्या तरी मी पाय काढून घेतला नाही.

हरणं केव्हा आली ते मला सांगता येणार नाही. गवत होतं, आणि मग त्या गवताला डोळे होते. एक मादी, तिच्या मागे मोठं झालेलं पिल्लू, आणखी एक जरा लांब. शेळीहून फार मोठी नाहीत. अंगाचा रंग गवताचाच. हलली नाहीत तर तिथे काहीच नाही असं वाटावं. फक्त शेपटी, काळी, आखूड, सारखी हलत होती. मादी पाण्यापाशी आली, पण प्यायली नाही. मान वर करून आमच्या भिंतीकडे बघत उभी राहिली. मी श्वास रोखला. माझा पाय धरलेला त्याचा हात थांबला.

मला त्याच क्षणी बोलायचं होतं. घरची माणसं नव्हती, इतकं शांत होतं, तो इतका जवळ होता. तोंड उघडलं असतं तर ती पळाली असती. मी उघडलं नाही. ती बघत होती, आम्ही बघत होतो.

मग फाटकाच्या बाजूने स्टीलचं झाकण पडल्याचा आवाज आला, गोल गोल फिरत थांबत गेलेला, आणि पाठोपाठ आत्यांचा आवाज, "अगं, बाई!" हरणं गेली. पळताना दिसलीच नाहीत. एक उडी, आणि नुसतं गवत.

"संपला शिनेमा," वनरक्षक गुडघ्यांवर हात टेकून उठला. "नशीब म्हना. काही लोकं चार चार खेपा घालत्यात." तो पुढे निघाला. आम्ही मागून.

मधला माळ उघडा होता. फाटकापाशी लिंबाखाली आमची माणसं स्पष्ट दिसत होती, म्हणजे त्यांनाही आम्ही दिसत होतो. आत्यांनी हात हलवला. थोडं चालल्यावर मला घोट्यापाशी टोचलं. खाली पाहिलं तर सलवार, ओढणी, त्याची पँट, पायमोजे, सगळं कुसळांनी भरलेलं. त्या गवताची टोकदार कुसळं कापडातून आत शिरतात, झटकून जात नाहीत, एकेक करून उपसावी लागतात.

मी तिथेच एका दगडावर बसले. "बस," मी म्हणाले. "काढल्याशिवाय जीपमध्ये बसता येणार नाही."

लांबून आत्यांची हाक आली, "काय गं, काटा गेला का पायात?"

"कुसळं लागलीत!" मी ओरडले.

"दोघांना?"

"दोघांना!"

"मग बसा उपसत!" आणि त्या वळून बाकीच्यांना सांगू लागल्या.

तो समोर बसला. मी त्याच्या पायमोज्यापासून सुरुवात केली, त्याने माझ्या ओढणीच्या टोकापासून.

"तू परत येणार आहेस का?" मी विचारलं. तयार केलेल्या वाक्याला पुढेमागे बरंच काही जोडलेलं होतं. ते सगळं गळून पडलं.

तो कुसळ काढत राहिला. "एक वर्ष वाढलंय."

"वाढलंय, की तू हो म्हणालास?"

"हो म्हणालो."

"कधी?"

"इकडे निघायच्या आधी. तुला फोनवर सांगणार होतो. बाबा शेजारी होते. मग तू म्हणालीस, बरं आहे, ठेवते."

मी त्याच्या पोटरीवरचं कुसळ जरा जोरात ओढलं. तो "स्स" म्हणाला.

"मी सांगू तुला?" तो म्हणाला. "तिथे मी टीमचा लीड आहे. मीटिंगमध्ये मी बोललो की लोक लिहून घेतात. इथे ऑफिसात चहाला गेलो की नवीन माणूस आधी आडनाव विचारतो, आणि आडनाव कळलं की पुढचं त्याचं त्यालाच कळतं. तिथे कुणाला माझं आडनाव उच्चारताच येत नाही." तो हसला. "त्याचं इतकं बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं."

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, आणि घरी सांगितलं असतं तर सासऱ्यांना कारखान्यात सोसलेलं असंच सगळं पुन्हा आठवलं असतं.

"पण तू नको म्हणालीस तर नाही जाणार," तो म्हणाला. "उद्याच कळवतो त्यांना."

दवाखान्याच्या खिडकीत लोक मला विचारतात, "मॅडम, गोळ्या बंद केल्या तर चालेल ना?" ते विचारत नसतात. त्यांना काय ऐकायचंय ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर लिहिलेलं वाचायला मला चष्मा लागत नव्हता. मी नको म्हणाले असते तर तो राहिला असता, हेही तितकंच खरं. तो नाही म्हणत नाही. आणि मग रोज सकाळी डबा घेऊन, जिथे आडनाव विचारतात त्या ऑफिसात गेला असता, माझ्या शब्दाखातर.

"जा," मी म्हणाले.

त्याने मान वर केली.

"पण घरी तू सांगायचंस. आजच, जीपमध्ये. तुझा निरोप मी पोचवणार नाही. आणि वर्षाने परत यायचं. पुन्हा वाढवलंस तर मी वाट बघणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला कळलंय."

त्याने सांगितलं, दिवे घाट उतरताना. सासरे म्हणाले, "उत्तम," आणि पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. सासूबाई बोटांवर महिने मोजू लागल्या. आत्या म्हणाल्या, "म्हणूनच एवढी कुसळं निघत होती होय."

वर्षाने तो आला नाही. त्याहून बराच उशिरा आला, आणि मी वाट बघितली. धमकी देणं सोपं असतं. आता सासरे नाहीत, सासूबाई नाहीत, आत्याही नाहीत. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. आमचं घर मोठं आहे, त्यात त्याची वेगळी खोली आहे, तिचं दार लावून तो संध्याकाळी परदेशाशी बोलत बसतो. टेबलावर आम्ही दोघंच जेवतो, मी हवं तेव्हा तू म्हणते, ऐकायला कुणी नाही. एकांताला तोटा नाही. पण मला तो हवा होता तेव्हा लाखभर माणसं मध्ये होती, आणि आता जो मिळतो तो तोच आहे असं मला काही वाटत नाही. कधी कधी दुपारी मला तो माळ आठवतो. हरणांसाठी नाही. त्याची वाकलेली मान आणि जुन्या शर्टाचा सैल खांदा आठवतो.

त्या दिवशी माळावर मी "तुला कळलंय" म्हणाले आणि तो पुन्हा कुसळं काढू लागला. माझ्या ओढणीचं एक टोक संपलं, त्याने दुसरं हातात घेतलं. ऊन पार खाली आलं होतं, गवत तांबूस दिसत होतं. लिंबाखालून सतरंजी झटकल्याचा आवाज आला. डबे भरत होते, म्हणजे निघायची वेळ झाली होती.

"जायचं?" तो म्हणाला.

"अजून आहेत," मी म्हणाले.

मी कामाला चपळ बाई आहे. दवाखान्यात माझ्याइतकी झटपट रांग कुणी हलवत नाही. त्याच्या एका पायाची कुसळं मी कधीच काढून संपवली असती. मी एकेक चिमटीत धरत होते, उलटं ओढत होते, बघत होते, बाजूला ठेवत होते. त्यानेही घाई केली नाही. त्याचा उजवा मोजा साफ झाला होता. मी त्याचा पाय सोडला नाही. मोजा उलटा केला आणि आतल्या बाजूने पुन्हा बघायला सुरुवात केली.